सात-बारावरून पीर हरवतो तेव्हा: वक्फ मिळकतीच्या कागदांत या चुका टाळा

पिराच्या जमिनीचं गाऱ्हाणं घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, सात-बारावर नाव कुणाचं? "आमचंच की," असं मोठ्या अभिमानानं उत्तर येतं. दुखणं तिथंच असतं. महसुलात कारकुनी करून निवृत्त झालो, आता मिरज, तासगाव, पलूसकडच्या गावांतल्या दर्ग्या-मशिदींच्या वक्फ मिळकतींचे, म्हणजे अल्लाहच्या नावे कायमच्या दिलेल्या जमिनी-जागांचे, कागद लावून देतो. घोटाळा करणारी माणसं त्यात थोडी भेटली. कागद न वाचणारी मात्र घरोघरी आहेत.

सगळ्यात महाग पडते ती वारस नोंद. मुजावर (दर्ग्याची चाकरी करणारा) वारतो, दहावं-चाळिसावं उरकतं आणि पोरं तलाठ्याकडं जातात (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). मूळ नोंद असते 'पीर अमुक, वहिवाटदार अमुक', म्हणजे जमीन पिराची, सांभाळणारा मुजावर. पहिल्या पिढीत 'वहिवाटदार' हा शब्द गळतो. दुसऱ्या पिढीत पीर कब्जेदाराच्या रकान्यातून 'इतर हक्का'त सरकतो. तिसऱ्या पिढीला चार भाऊ वाटणी करून घेतात आणि नातू सोसायटीचं कर्ज काढतो. आपण काही चुकीचं केलं असं यातल्या एकालाही वाटत नाही. पण इनाम दिलं होतं दिवाबत्तीला आणि उरसाला. चाकरी घराण्यात चालत आली म्हणून जमीन घराण्याची होत नाही. बदलायचं ते वहिवाटदाराचं नाव, तेही चाकरी करणाऱ्याचं. सगळ्या बहीण-भावांची यादी तिथं लागत नाही.

हे निस्तरायचं असेल तर आजचा उतारा घेऊन भांडू नका. जुने फेरफार एकामागून एक काढा आणि पिराचं नाव कुठल्या नंबराला गळालं ते शोधा. गाव नमुना 3, म्हणजे दुमाला (इनाम दिलेल्या) जमिनींची नोंदवही, जरूर बघा. देवस्थान इनाम तिथं सापडतं. मग रस्ता ठरवा. हस्तलिखित सात-बारा संगणकावर चढवताना नाव राहिलं असेल तर तो लेखनप्रमाद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदाराकडं अर्ज चालतो. फेरफारच चुकीचा मंजूर झाला असेल तर 155 चा उपयोग नाही. कलम 247 खाली प्रांताकडं अपील करावं लागतं, मुदत 60 दिवस. उशीर झाला तर तो माफ करण्याचा वेगळा अर्ज, आणि उशिराचं कारण खरं लिहा. एका गावानं चुकीच्या फेरफारासाठी 155 चा अर्ज देऊन वर्षभर तारखा केल्या. शेवटी 'अर्ज निकाली' एवढे दोनच शब्द हातात आले.

एका कचेरीचा कागद दुसरीत चालेल असं धरू नका

आपल्या भागातला हा गुंता मराठवाड्यात तसा नाही. तिथं निजामाच्या राज्यानंतर वक्फ बोर्ड आधीपासून होतं. इकडं मुंबई इलाख्यात मुस्लिम संस्थांची नोंद 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात होत असे, नंबरात 'बी' अक्षर. वक्फ कायदा 1995 चा, महाराष्ट्राचं बोर्ड 2002 मध्ये आलं, मुख्य कचेरी छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीला. त्यामुळं आजोबांचा पीटीआर (ट्रस्टच्या नोंदवहीचा) उतारा धर्मादायमध्ये, बापाचा अर्ज बोर्डात आणि जमीन तलाठ्याच्या दप्तरात. तिन्हींत नावं वेगळी, क्षेत्र वेगळं. पीटीआरवरचे पाचही विश्वस्त कब्रस्तानात पोचलेले, असंही पाहिलंय. ज्यांचा ट्रस्ट अजून धर्मादायच्या पटावर आहे त्यांनी विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो.

उलटी चूकही होते. 'बी' नंबर दिसला म्हणजे वक्फच, असं धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2022 मध्ये सांगितलं की मुसलमानांनी स्थापलेला प्रत्येक ट्रस्ट वक्फ नसतो. शाळा चालवणारा ट्रस्ट आणि अल्लाहच्या नावे कायमची दिलेली मशिदीची जागा यांत फरक आहे. म्हणून दानपत्र किंवा ट्रस्ट डीड वाचल्याशिवाय कुठल्याच दारात जाऊ नका.

ऊस आणि तीन वर्षं

वक्फ कायद्यातल्या 2013 च्या दुरुस्तीनंतर वक्फची मिळकत विकणं, बक्षीस देणं, गहाण टाकणं, अदलाबदल करणं मुळातच रद्दबातल आहे. भाडेपट्टा 30 वर्षांच्या पुढं चालत नाही, आणि शेतजमिनीचा तर तीन वर्षांच्या पुढं नाही. तरीही स्टँपपेपरवर '99 वर्षांचा करार' करून देणारे आहेत.

कृष्णाकाठी हा तीन वर्षांचा हिशेब उसाच्या बुडख्याशी अडतो. आडसाली लागण सोळा-अठरा महिने, त्यावर खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यातून फुटलेलं दुसरं पीक, वर्षभर. इथवर करारात बसतं. मग कसणारा म्हणतो, "एवढा निडवा काढतो नि सोडतो." निडवा, म्हणजे तिसरं पीक, निघेपर्यंत साडेतीन वर्षं होतात, कागदाची मुदत संपलेली असते, ऊस उभाच असतो. करारात पीक आणि रान सोडायची तारीख, दोन्ही लिहून घ्या. ई-पीक पाहणीत कोण नोंद करतोय ते दर हंगामाला बघा. ऊस कारखान्याला कुणाच्या नावानं जातो आणि बिल कुठल्या खात्यात जमा होतं हेही विचारा. खंड रोखीत घेऊन पावती न देण्याची रीत मोडा. उद्या तोच माणूस कूळ म्हणून उभा राहिला तर हातात दाखवायला काही नसतं. संस्थेकडं कुळकायद्याच्या कलम 88-ब चं (कुळाच्या खरेदीहक्कातून सूट देणारं) प्रमाणपत्र असेल तर ते जिवापाड जपा.

अतिक्रमणाचंही तसंच. "वक्फला मुदतीचा कायदा (दावा किती वर्षांत लावायचा ते ठरवणारा) लागत नाही" हे वाक्य अजून ऐकू येतं. ते खरं होतं, 8 एप्रिल 2025 पर्यंत. त्या दिवशी लागू झालेल्या दुरुस्तीनं मुदत कायदा वक्फलाही लावला. कब्रस्तानाच्या कोपऱ्यात टपरी उभी राहिली तर बारा वर्षं मोजत बसू नका, मोजणी आणून हद्द कायम करा.

उरसाची पिशवी वेगळी

आमच्याकडं कित्येक गावांत गलेफाचा (मजारीवर चढवायच्या चादरीचा) मान पाटलाचा असतो, वर्गणी सगळा गाव देतो, यात्रा कमिटीत मुसलमान दोन नि बाकीचे मराठे-धनगर. छान चालतं. फक्त यात्रा कमिटीची वर्गणी आणि दर्ग्याच्या जमिनीचं उत्पन्न एकाच वहीत लिहू नका. वक्फ बोर्डाची वर्गणी वक्फच्या निव्वळ उत्पन्नावर लागते. पूर्वी कमाल 7 टक्के होती, आता 5. कुस्त्यांच्या मैदानाचा खर्च त्यात मिसळला की हिशेब तपासणाऱ्याचं आणि तुमचं, दोघांचंही डोकं उठतं.

उमीद पोर्टल

वक्फ मिळकती नोंदवायचं केंद्र सरकारचं हे पोर्टल 6 जून 2025 ला सुरू झालं, सहा महिन्यांची मुदत होती. 1 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं सरसकट वाढ नाकारली आणि वक्फ न्यायाधिकरणाकडं जायला सांगितलं. सबळ कारण पटलं तर न्यायाधिकरण सहा महिन्यांपर्यंत मुदत देऊ शकतं. "माहीत नव्हतं" हे कारण दुबळं. "कागद भिजले" हे आपल्याकडं खरं असतं: 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा किती ट्रंका बुडाल्या. पण मग पंचनाम्याची नक्कल आणि दुसरी प्रत मागितल्याचे अर्ज जोडा.

भरताना सगळ्यात जास्त चुकतं ते क्षेत्र. सनदेत बिघे, जुन्या उताऱ्यात एकर-गुंठे, आजच्या सात-बारावर हेक्टर-आर. 0.81 म्हणजे 81 आर, साधारण दोन एकर. एका मुतवल्लीच्या, म्हणजे वक्फच्या कारभाऱ्याच्या, पोरानं मोबाइलवरून ते 81 एकर असं भरलं. मुतवल्लीनं भरायचं, बोर्डाच्या माणसानं तपासायचं, वरच्या अधिकाऱ्यानं मंजूर करायचं, अशा तीन पायऱ्या आहेत. ही चूक दुसऱ्या पायरीवर सापडली म्हणून निभावलं. 'सबमिट' दाबायच्या आधी सात-बारा समोर ठेवून आकडा मोठ्यानं वाचायचा, एकानं वाचायचा नि दुसऱ्यानं पडद्यावर बघायचा.