कीटक कसा ओळखावा: पाय मोजण्यापासून गण ठरवण्यापर्यंत

‘किडा’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. कोळी किडा, गोम किडा, फळातली अळीही किडाच. ‘कीटक’ हा शब्द मात्र शास्त्रात नेमका आहे आणि ओळख पटवायची असेल तर तो नेमकेपणाच कामाला येतो. इंग्रजीतला ‘इन्सेक्ट’ हा शब्द लॅटिन ‘इन्सेक्टम’वरून आला. त्याचा अर्थ ‘खाचा पडलेला’. ग्रीक ‘एंटोमॉन’चाही अर्थ हाच. मुंगीकडे किंवा गांधीलमाशीकडे पाहिलं की हे नाव का पडलं ते लगेच कळतं: अंगाला जणू दोन ठिकाणी दोरा आवळून तीन भाग केलेत. कार्ल लिनियसने 1758 साली प्राण्यांची मांडणी केली तेव्हा कोळी, विंचू, गोम, इतकंच काय खेकडेसुद्धा त्याने कीटकांतच घातले होते. ते पुढे वेगळे झाले.

आज कीटक म्हणजे असा प्राणी, ज्याचं प्रौढ शरीर डोकं, छाती आणि पोट अशा तीन भागांचं असतं, छातीला पायांच्या तीन जोड्या असतात आणि डोक्यावर मिशांची एकच जोडी असते. पंख असले तर तेही छातीलाच. हाडं नसतात, त्यांच्याऐवजी बाहेरून कडक कवच असतं. वाढायचं म्हणजे कात टाकावीच लागते. श्वास नाकातोंडाने नाही, अंगाच्या कडेला असलेल्या बारीक छिद्रांतून.

पाहण्याची तयारी

दहापट मोठं दाखवणारं भिंग, पारदर्शक झाकणाची डबी, मऊ कुंचला, पांढरा कागद आणि मिलिमीटरची पट्टी एवढं पुरतं. भिंग वापरताना हमखास होणारी चूक म्हणजे ते किड्याजवळ धरून लांबून पाहणं. दहापट भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि डबी हळूहळू पुढे आणायची. साधारण अडीच सेंटिमीटरवर चित्र स्वच्छ होतं.

पळणारा कीटक डबीसकट फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवा: लहान माशीला 2-3 मिनिटं, मध्यम आकाराच्या कीटकाला 5 ते 10. थंडीने तो सुस्त होतो आणि बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात पूर्ववत हालचाल करू लागतो. फ्रीझरमध्ये ठेवू नका, मरेल. डबीत टिपकागदाचा तुकडा घाला, नाहीतर आत जमलेल्या थेंबांना पंख चिकटतात. केसाळ अळ्या आणि अनोळखी भुंगेरे हाताने उचलू नका. काही अळ्यांचे केस त्वचेत रुततात आणि काही भुंगेऱ्यांच्या अंगातल्या द्रवाने फोड येतात.

पहिलं काम: पाय मोजा

एका बाजूचेच मोजा, तीन यायला हवेत. दोन्ही बाजू एकदम मोजायला गेलात तर हलत्या प्राण्यात हिशेब चुकतोच, शिवाय एखादा पाय तुटलेला असू शकतो. शंका आली तर छातीखालच्या पायांच्या खोबण्या पाहा.

एका बाजूला चार असतील तर कोळी, विंचू, गोचीड किंवा माइट (अगदी बारीक कोळी) यांपैकी कोणीतरी. यांना मिशा नसतात आणि पंख कधीच नसतात. पावसाच्या सुरुवातीला दिसणारा लाल मखमली ‘मृगाचा किडा’सुद्धा आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हेच. सात असतील आणि प्राणी ओल्या दगडाखाली सापडला असेल, तर तो खेकड्यांच्या गोतातला. त्याहून जास्त असतील तर अंगाचं एक वळं निवडा: वळ्याला एक जोडी असेल तर गोम, दोन असतील तर वाणी.

इथे फसवणारे बरेच आहेत. गोचिडीचं अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू सहा पायांचं असतं, पहिली कात टाकल्यावर आठ होतात. त्यामुळे खसखशीएवढा सहा पायांचा प्राणी दिसला की मिशा आहेत का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुंगीची नक्कल करणारा कोळी पुढचे दोन पाय वर धरून मिशांसारखे हलवतो. उलट काही फुलपाखरं चारच पायांवर उभी दिसतात, कारण पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते. आणि ओल्या मातीत टुणकन उडणारे एक-दोन मिलिमीटरचे स्प्रिंगटेल सहा पायांचे असूनही आता कीटकांत मोजत नाहीत. त्यांचे मुखावयव डोक्याच्या आत दडलेले असतात.

दुसरं काम: पंख वाचा

कीटकांचे मोठे गण, म्हणजे एका नात्यातल्या कीटकांचे मोठे गट, बऱ्याच अंशी पंखांवरूनच ओळखू येतात. गणांच्या नावांत ‘प्टेरा’ येतं, त्याचा अर्थच पंख.

पाठीवर दोन कडक झाकणं आणि मधोमध सरळ रेघ दिसली की भुंगेरा, गण कोलिऑप्टेरा. उडण्याचे पातळ पंख त्या झाकणांखाली घडी करून ठेवलेले असतात. हा सगळ्यात मोठा गण आहे. नावं दिलेल्या सुमारे 10 लाख कीटकांपैकी साडेतीन ते चार लाख जाती एकट्या यातल्या. काजवा आणि धान्यातले सोंडेही यातलेच.

सरळ रेघेऐवजी पंख एकमेकांवर चढून इंग्रजी एक्ससारखी फुली दिसली आणि खांद्यांच्या मध्ये त्रिकोण असला, तर तो ढेकणांच्या गोतातला, गण हेमिप्टेरा. पुढच्या पंखाचा मुळाकडचा भाग चामड्यासारखा आणि टोक पातळ असतं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी हेही याच गणात येतात, पण त्यांचा पुढचा पंख सगळा एकसारखा असतो आणि पाठीवर छपरासारखा उतरता राहतो. पांढरी माशी नावाने माशी आहे, जातीने नाही.

खरी माशी कोणती? जिला पंखांची एकच जोडी आहे ती, गण डिप्टेरा. मागची जोडी झिजून तिथे टाचणीसारखी, टोकाला गोळी असलेली बारीक दांडी उरते. उडताना तोल सांभाळायचं काम ती करते. ती पाहायची असेल तर भिंतीवर बसणारी, डासासारखी पण बरीच मोठी, लांब पायांची माशी शोधा. तिच्यात ती भिंगाशिवायही दिसते. घरमाशीत मात्र ती एका खवल्याखाली झाकलेली असते, म्हणून नवशिक्यांना सापडत नाही.

मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी यांचा गण हायमेनॉप्टेरा. पंख चार, पण मागचा पंख बारीक आकड्यांनी पुढच्यात अडकवलेला असल्यामुळे ते दोनच वाटतात. त्यातून काही माश्या हुबेहूब मधमाशीसारख्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या असतात. तेव्हा पंख मोजत बसू नका, मिशा पाहा. मधमाशीची मिशी लांब आणि कोपरात वाकल्यासारखी असते. नक्कल करणाऱ्या माशीची आखूड, डोळ्यांच्या मध्ये जेमतेम दिसणारी.

बाकीचे गण लवकर उरकतात. पंखाला बोट लागताच भुकटी सुटली तर ते खवले आहेत, म्हणजे फुलपाखरू किंवा पतंग, गण लेपिडॉप्टेरा. मिशीच्या टोकाला गाठ असली तर फुलपाखरू, दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असली तर बहुतेक पतंगच. बसताना पंख आडवे पसरतो तो चतुर, बहुतेकदा मिटून पाठीवर घेते ती टाचणी. मागचे पाय उडीचे असले तर नाकतोडा किंवा रातकिडा. मिशी अंगापेक्षा लांब असेल तर रातकिड्याच्या बाजूचा आणि त्याचे कान पुढच्या पायांवर असतात. आखूड असेल तर नाकतोडा किंवा टोळ, त्याचे कान पोटाच्या सुरुवातीला.

पंखच नसतील तर अंगाचा चपटेपणा पाहा. वरून दाबल्यासारखी असते ती ऊ. दोन्ही कुशींतून दाबल्यासारखी, केसांतून सरकायला सोयीची असते ती पिसू. पुस्तकांत सापडणारी चंदेरी कसर तीन शेपट्यांवरून ओळखू येते.

तिसरं काम: तोंड

तोंडावरून नुकसान कोणी केलं ते कळतं. चावून खाणाऱ्याने पान कुरतडलेलं असतं. रस शोषणाऱ्याने पान पिवळं, चुरगळलेलं किंवा चिकट केलेलं असतं. ढेकणांच्या गणात सोंड डोक्याखालून मागे वळून पायांच्या मध्ये टेकलेली असते. ती पाहायला कीटक काचेवर ठेवून खालून पाहा. पानावरच्या प्रत्येक ढेकणाला शत्रू समजून मारू नका: झाडाचा रस पिणाऱ्याची सोंड सहसा बारीक, लांब आणि सरळ असते, तर दुसरे कीटक मारून खाणाऱ्याची आखूड, जाड आणि धनुष्यासारखी वाकलेली.

मुंगी की वाळवी

पंख फुटलेली वाळवी आणि पंख फुटलेली मुंगी यांत कायम गल्लत होते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशी मण्यांच्या सरळ माळेसारखी, कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मिशी कोपरात वाकलेली, कंबर दोऱ्याएवढी. वाळवी आता झुरळांच्या गणात धरतात. मुंगीशी तिचं नातं दूरचं आहे.

अळ्यांचं वेगळं गणित

नाकतोडा, ढेकूण, झुरळ यांची पिल्लं मोठ्यांसारखीच दिसतात, फक्त पंखांच्या जागी फुगवटे असतात. भुंगेरा, माशी, मधमाशी, फुलपाखरू यांच्यात मात्र अंडं, अळी, कोष, प्रौढ असे चार टप्पे होतात आणि अळीवरून प्रौढाचा अंदाजही येत नाही. अशा वेळी पुन्हा पायच मोजायचे.

पाय अजिबात नसतील आणि डोकंही दिसत नसेल तर माशीची अळी. छातीला तीन जोड्या, पोट मोकळं आणि अंग इंग्रजी सी-सारखं वाकलेलं असेल तर भुंगेऱ्याची हुमणी. छातीच्या तीन जोड्यांशिवाय पोटाला मांसल पाय असतील तर ते नीट मोजा. पाच जोड्या किंवा कमी असतील तर फुलपाखरू-पतंगाची अळी; तिच्या मांसल पायांच्या तळव्यांना बारीक आकडे असतात. सहा किंवा जास्त असतील आणि आकडे नसतील, तर ती मधमाशी-गांधीलमाशीच्या गणातल्या सॉफ्लायची. हा फरक फवारणीआधी कळायलाच हवा: बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळ्या मारायला फवारल्या जाणाऱ्या जिवाणूचा कुर्स्टाकी हा प्रकार पतंगाच्या अळीवर चालतो, सॉफ्लायवर नाही, आणि फवारा फुकट जातो.

फोटो आणि नमुना

फोटो किमान तीन: वरून, बाजूने आणि समोरून चेहऱ्याचा. एकात तरी पट्टी दिसू द्या. नुसत्या वरून काढलेल्या फोटोवर गण ठरतो, पण त्यापुढे गाडी अडते, कारण सोंड, पायांची ठेवण आणि मिशीचं मूळ दिसत नाही.

जपून ठेवायचं असेल तर मऊ अंगाचे कीटक 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. तीव्रता फार वाढवली तर अंग ताठ आणि ठिसूळ होतं. अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर काळी पडते, म्हणून आधी उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवतात. फुलपाखरं आणि पतंग अल्कोहोलमध्ये कधीही ठेवू नका, खवले सुटून ओळखच पुसली जाते. ते कोरडेच ठेवायचे. ठिकाण, तारीख आणि कोणत्या झाडावर मिळाला हे शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मागे कोरा कागद उरतो.