म्हाताऱ्या रॅटच्या लिव्हरमध्ये बाइल डक्ट वाढलेल्या दिसल्या तर स्लाइड कशी वाचायची

औषध तपासणाऱ्या १०४ आठवड्यांच्या स्टडीतले रॅट, त्यातही फिशर ३४४ या जातीचे नर, यांच्या लिव्हरमध्ये बाइल डक्ट हायपरप्लेसिया, म्हणजे पित्तनलिकांची संख्या वाढणं, दिसतोच, औषधाचा थेंब न दिलेल्यांमध्येसुद्धा. म्हणून डक्ट जास्त दिसल्या की लगेच औषधावर ठपका ठेवू नका.

पहिलं म्हणजे सगळ्या जनावरांचे सेक्शन त्याच लोबच्या त्याच जागेतून घेतलेत का ते तपासा, कारण एकाचा हायलमजवळचा (रक्तवाहिन्या आणि डक्ट लिव्हरला जोडतात ती जागा) आणि दुसऱ्याचा कडेचा असेल तर पहिल्यात मोठ्या डक्ट आपोआप जास्त दिसणार आणि तुलनाच फसते.

मग मायक्रोस्कोपच्या लो पॉवरवर पोर्टल एरिया (बाइल डक्ट आणि रक्तवाहिन्या एकत्र असतात त्या जागा) एकेक करून बघत जा. वयामुळे वाढलेल्या डक्ट सहसा पोर्टल एरियातच राहतात, अस्तर एकाच थराचं, क्युबॉइडल (चौकोनी पेशींचं) किंवा चपटं, न्यूक्लियस साधे, भोवती फायब्रोसिस (तंतुमय टिश्यू) आणि थोडे लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी). कधी डक्ट फुगून सिस्ट होतात, पातळ भिंतीच्या, आत फिकट द्रव, तेही वयाचंच.

थांबायचं कुठे, तर बारीक, लांबट न्यूक्लियसच्या पेशी पोर्टल एरियातून बाहेर पडून सायनुसॉइडच्या (लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या) कडेने ओळीने पसरल्या असतील तर त्या ओव्हल सेल आहेत, म्हणजे लिव्हरला जोरदार इजा झाल्याची शंका घ्यायची. गॉब्लेट सेल (म्युकस बनवणाऱ्या पेशी) असलेल्या, म्युकसने भरलेल्या वेड्यावाकड्या ग्रंथी आणि दाट फायब्रस टिश्यू दिसला तर ते कोलँजिओफायब्रोसिस, फ्युरान हे रसायन दिलेल्या रॅटमध्ये हे ठळक दिसतं, याला वयाचं म्हणून सोडून देऊ नका. आणि नीट सीमा असलेली गाठ आजूबाजूचं लिव्हर दाबत असेल तर कोलँजिओमाचा, म्हणजे बाइल डक्टच्या साध्या (कॅन्सर नसलेल्या) ट्यूमरचा, विचार करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बदल किती तीव्र आहे याची ग्रेड द्या. मिनिमल, माइल्ड, मॉडरेट, मार्क्ड. कंट्रोलमधल्या (औषध न दिलेल्या ग्रुपमधल्या) बहुतेक नरांना हे असेल तर किती जनावरांना झालं हा आकडा काहीच सांगत नाही, हाय डोसमध्ये ग्रेड वर सरकलाय का तेच बघावं लागतं. तुलना आधी त्याच स्टडीच्या कंट्रोलशी, जुना हिस्टॉरिकल डेटा (आधीच्या स्टडींच्या कंट्रोलचा) नंतर, नर-मादी वेगळे. शंका असेल तर ग्रुप झाकून स्लाइड परत वाचा, आणि लवकर मेलेली जनावरं वेगळी ठेवा, त्यांचं वयच कमी असतं त्यामुळे लीजनही (असे बदलही) कमीच मिळणार.