ईव्ह-ओ प्रीव्ह्यू अडला तर: ईव्ह ऑनलाइनच्या अनेक विंडो चालवताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांची तपासणी

ईव्ह ऑनलाइन हा आइसलंडमधील सीसीपी कंपनीने २००३ साली आणलेला अंतराळातील खेळ ज्यांच्या अंगवळणी पडतो, ते आज ना उद्या दुसरे आणि तिसरे खाते उघडतातच. एक जहाज खाणकाम करते, दुसरे माल वाहते, तिसरे शेजारच्या सूर्यमालेत पहारा देते. चार-पाच विंडोंमध्ये ऑल्ट-टॅबने फिरताना नेमकी नको ती विंडो समोर येते, म्हणून बरेच जण ईव्ह-ओ प्रीव्ह्यू हे मोफत साधन वापरतात. प्रत्येक विंडोची छोटी जिवंत प्रतिमा ते पडद्यावर ठेवते आणि तिच्यावर क्लिक केल्यास किंवा ठरवलेली हॉटकी (त्या कामासाठी नेमलेली कळ) दाबल्यास ती विंडो पुढे आणते. त्याचे काम एवढेच आहे, त्यामुळे बिघाडाच्या जागाही मोजक्या आहेत.

आधी जे बिघाड नाहीत, ते बाजूला काढावेत. एक कळ दाबून सर्व जहाजांना एकदम आज्ञा देता येत नाही, ही तक्रार दुरुस्त करण्याजोगी नाही. एकच कळ अनेक क्लायंटना (खेळाच्या एकाच वेळी चालू असलेल्या प्रतींना) पाठवण्यावर सीसीपीने १ जानेवारी २०१५ पासून बंदी घातली आहे आणि तसे करणाऱ्या साधनामुळे खाते गमावण्याची वेळ येऊ शकते. दुसरे खाते लॉगिनलाच अडत असेल, तर दोन्ही खाती ओमेगा, म्हणजे पैसे भरलेली आहेत ना, हे पाहावे, कारण फुकटचे अल्फा खाते दुसऱ्या खात्यासोबत एकाच वेळी चालवण्याची परवानगी नाही. आणि सगळ्या विंडो दुपारी साडेचारला एकदम तुटल्या, तर चहा करून घ्यावा: सर्व्हरची रोजची देखभाल ११:०० यूटीसीला, म्हणजे आपल्याकडच्या ४:३० वाजता सुरू होते.

आता खरी तपासणी. पाचही विंडो चालू ठेवून शोध घेण्यात अर्थ नाही. सर्व क्लायंट आणि साधन बंद करावे, फक्त दोन क्लायंट सुरू करावेत, ऑल्ट-टॅबने दोन्हींमध्ये जा-ये नीट होते हे पाहावे आणि मगच साधन सुरू करावे. ऑल्ट-टॅबच अडखळत असेल, तर दोष विंडोज किंवा खेळाच्या बाजूचा आहे आणि साधनाच्या सेटिंगमध्ये कितीही उलथापालथ केली तरी तो जाणार नाही.

प्रतिमा दिसते, पण क्लिक केल्यावर विंडो पुढे येत नाही आणि टास्कबारवरचे तिचे चिन्ह केशरी होऊन लुकलुकत राहते, हे दृश्य पुष्कळांच्या ओळखीचे असेल. ते लुकलुकणे म्हणजे पुढे येण्याची विनंती विंडोजपर्यंत पोचली, पण मान्य झाली नाही, अशी खूण आहे. सर्वांत आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे अधिकारांची पातळी. विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासून नियम असा आहे की, साध्या अधिकारांवर चालणारा प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला कळा किंवा संदेश पाठवू शकत नाही, आणि असा संदेश अडवला गेला तरी पडद्यावर कारण सांगणारी कसलीही सूचना येत नाही. मी स्वतः एक अख्खी रविवार संध्याकाळ यात घालवली आहे. कधीतरी खेळ उघडणाऱ्या लाँचरच्या शॉर्टकटवर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ ही खूण मीच करून ठेवली होती. लाँचरने उघडलेल्या प्रत्येक क्लायंटला ते अधिकार आपोआप मिळत होते आणि मी मात्र दोष साधनाला देत होतो. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कंपॅटिबिलिटी’ या टॅबवर जाऊन ती खूण काढावी. साधनालाही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करणे हा दुसरा मार्ग आहे, पण गरज नसताना अधिकार वाढवत नेण्यापेक्षा ते सगळीकडून उतरवलेले बरे.

हॉटकीच्या तक्रारी दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीत कळ दाबून काहीच घडत नाही. तीच कळ व्हॉइस चॅट, स्क्रीन रेकॉर्डर किंवा ग्राफिक्स कार्डच्या ओव्हरलेने आधीच आपल्या नावावर नोंदवलेली असते, आणि विंडोज एक हॉटकी एकाच प्रोग्रामला देते. असे प्रोग्राम एकेक करून बंद करत गेल्यास चोर सापडतो. दुसरी जात अधिक गमतीची आहे: विंडो बदलते, पण तोफा झडत नाहीत. ईव्हमध्ये एफ१ ते एफ८ या कळा जहाजावरील वरच्या रांगेतील उपकरणांच्या असतात. एफ१ ही कळ विंडो बदलण्यासाठी नेमली, तर साधन ती गिळून टाकते आणि खेळापर्यंत पोचू देत नाही. म्हणून विंडो बदलण्यासाठी खेळात न वापरलेली जोडणी निवडावी. ऑल्ट किंवा कंट्रोलसोबतच्या एफ-कळा मात्र टाळाव्यात, कारण त्या मधल्या आणि खालच्या रांगेकडे आधीच गेलेल्या आहेत. नमपॅड वापरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, नमलॉक चालू असताना शिफ्टसोबत नमपॅडचा आकडा दाबल्यास विंडोजला आकडा न मिळता बाणाची किंवा होम-एंडची कळ मिळते.

हॉटकी साधनाच्या सेटिंग साठवणाऱ्या जेसन फाइलमध्ये विंडोच्या शीर्षकाशी जोडलेल्या असतात, आणि हे शीर्षक ‘ईव्ह’, मग संयोगचिन्ह, मग पात्राचे नाव असे बनते. लॉगिन होईपर्यंत शीर्षकात पात्राचे नाव नसते, त्यामुळे लॉगिनच्या पडद्यावर ती विशिष्ट हॉटकी चालली नाही तर घाबरू नये. पात्राच्या नावातील एखादे अक्षर किंवा मोकळी जागा चुकली, दोन नोंदींमध्ये स्वल्पविराम द्यायचा राहिला किंवा शेवटच्या नोंदीनंतर जास्तीचा पडला, तरी गाडी अडते. फाइल बदलताना साधन बंद ठेवावे आणि मूळ फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवावी.

प्रतिमा जागच्या जागी गोठली असेल, तर ती विंडो मिनिमाइझ झालेली आहे का, हे पाहावे. या प्रतिमा विंडोजच्या डेस्कटॉप रचनेतून येतात, आणि मिनिमाइझ केलेल्या विंडोचे नवे चित्र तेथे येतच नाही. क्लायंट ‘फुल स्क्रीन’वर न ठेवता ‘फिक्स्ड विंडो’वर ठेवावा आणि निष्क्रिय क्लायंट मिनिमाइझ करण्याचा साधनातील पर्याय बंद असल्याची खात्री करावी. दोन मॉनिटरपैकी एकाचे स्केलिंग (मजकूर व चिन्हे मोठी दाखवण्याचे प्रमाण) १०० टक्के आणि दुसऱ्याचे १२५ टक्के असल्यास प्रतिमा भलत्याच जागी किंवा भलत्याच आकारात दिसू शकतात. दोन्हींचे स्केलिंग सारखे करून पाहणे हा सर्वांत सोपा इलाज आहे.

दोन विंडोंपर्यंत सारे सुरळीत आणि चौथी उघडली की सगळेच अडखळते, असे होत असेल तर साधन निर्दोष आहे. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबवर ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी किती भरली आहे, ते पाहावे. प्रत्येक क्लायंट आपली चित्रसामग्री वेगळी चढवतो. ही मेमरी भरली की उरलेला भार संगणकाच्या मुख्य मेमरीवर पडतो आणि प्रत्येक सूर्यमाला-बदलाला हिसके बसू लागतात. दुय्यम खात्यांवर टेक्स्चर आणि शेडर (चित्रांचे पोत आणि प्रकाश-छाया) खालच्या पातळीवर आणावेत, चित्रांचा वेग मॉनिटरशी जुळवणारे व्ही-सिंक चालू ठेवावे, आणि जे जहाज नुसतेच बसून आहे त्याच्या विंडोत कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबून त्रिमितीय चित्रण बंद करावे. सावधगिरीची गोष्ट इतकीच की, हे विसरले की दुसऱ्या दिवशी काळा पडदा पाहून धस्स होते.

शेवटची कटकट म्हणजे प्रत्येक विंडोतील मांडणी निराळी असणे, कारण विंडो झटकन बदलूनही हात चुकीच्या जागी जातो. ईव्ह प्रत्येक पात्राची मांडणी ‘कोअर-कॅर’ने आणि प्रत्येक खात्याची ‘कोअर-यूझर’ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये ठेवतो, पुढे असतो तो क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा, हे फाइलवरून समजत नाही. त्यासाठी फक्त एकाच पात्राने लॉगिन करून बाहेर पडावे आणि बदलाची वेळ सर्वांत ताजी असलेल्या दोन फाइली पाहाव्यात. मग सर्व क्लायंट बंद करून, संपूर्ण फोल्डरची प्रत काढून, आदर्श मांडणीच्या फाइलची नक्कल दुसऱ्या पात्राच्या क्रमांकाने जतन करावी. एखादा क्लायंट चालू राहिला असेल, तर तो बंद होताना आपली जुनीच मांडणी पुन्हा लिहून ठेवेल आणि नक्कल वाया जाईल.