जुन्या गाडीत स्वस्तातला स्टिरिओ बसवायचाय? मग आधी हे वाचा

जुनी अल्टो, सँट्रो, वॅगन आर असली काहीतरी गाडी आहे, कंपनीचा टेप कधीच गेलाय आणि बजेट चार-पाच हजाराच्या वर नाही, तर पहिलं म्हणजे मोठ्या अँड्रॉइड स्क्रीनचा नाद सोडा. एवढ्या पैशात मिळतो त्यात रॅम १-२ जीबी, गाडी चालू केली की तो उठायलाच वेळ लावतो, मॅप लावला की गाणं अडकतं, आणि मे महिन्यात उन्हात गाडी उभी केली तर विचारूच नका. ब्लूटूथ, यूएसबी आणि एफएमवाला साधा सिंगल डिन (डॅशबोर्डच्या कमी उंचीच्या खाचेत बसणारा स्टिरिओ) घ्या, मॅपला मोबाईल आहेच की.

सिंगल डिनची खाच साधारण १८० बाय ५० मिमी असते, डबल डिनची रुंदी तेवढीच पण उंची दुप्पट. तुमच्या गाडीत डबलची जागा असेल तरी सिंगल बसतो, त्याच्याखाली पॉकेट किंवा फ्रेम लावायची, दुकानात मिळते.

खोक्यावर ५० वॅट × ४ लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, तो आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा. आतली आयसी (आवाज मोठा करणारी चिप) गाडीच्या १२-१४ व्होल्टवर चालते, खरे आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट एका चॅनलला १५ ते २० च्या आसपासच निघतात, अन् छोट्या गाडीला तेवढे रग्गड झाले. पीएमपीओवाले, म्हणजे जाहिरातीत फुगवलेले आकडे तर सरळ सोडून द्या. माझं मत विचाराल तर निम्मं बजेट पुढच्या दरवाज्यांच्या स्पीकरसाठी ठेवा, कारण जुन्या स्पीकरचा कागद फाटलेला असेल तर वर कितीही भारी डेक लावा, फर्रफर्रच येणार. स्पीकर ४ ओमचा घ्या आणि साइजसोबत खोलीही बघा, नाहीतर काच खाली केली की मागच्या मॅग्नेटला अडकते.

आता वायरिंग, सगळी गंमत इथेच आहे. आधी बॅटरीची मायनस १० नंबरच्या पान्याने काढा. तुमच्या गाडीचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) वेगळा मिळतो, तो आणाच, म्हणजे कंपनीची वायर कापायला नको. स्टिरिओच्या बाजूला बहुतेक ठिकाणी पिवळी म्हणजे कायम करंट, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा करंट, काळी अर्थिंग, निळी अँटेना किंवा वेगळ्या अँप्लिफायरसाठी (अँप). पांढरी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि ज्या वायरवर काळी रेघ आहे ती मायनस. पण हे झालं स्टिरिओच्या बाजूचं, गाडीच्या बाजूला आधीच्या कुणीतरी काय जोडून ठेवलंय ते देवालाच माहीत, म्हणून मायनस परत लावून टेस्ट लॅम्पने किंवा मल्टिमीटरने चेक करा आणि जोडायच्या आधी पुन्हा काढा.

पिवळी आणि लाल एकत्र पिळून जोडायची आयडिया बरेच वायरिंगवाले करतात, काम पटकन होतं पण किल्ली काढली तरी स्टिरिओ चालू राहू शकतो आणि गाडी चार दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. या दोन वायरी उलट लागल्या तर गाडी बंद केली की घड्याळ आणि सेव्ह केलेले स्टेशन उडतात, लक्षण ओळखून ठेवा. आणि स्पीकरची मायनस बॉडीला कधीही लावायची नाही, आतली आयसी जळते. जोड डाख देऊन करा, वर श्रिंक ट्यूब, नुसती काळी टेप उन्हाने सुटते.

दोन्ही स्पीकर चालू पण बेस गायब? मग एकाची प्लस-मायनस उलटी आहे. स्पीकरच्या वायरी डेकपासून सोडवून १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला की सेलच्या प्लसकडची वायर ती प्लस. रेस दिली की कुंईई आवाज वाढत असेल तर अर्थिंग बघा, रंग खरवडून उघड्या पत्र्याला काळी वायर घट्ट आवळा. फोन गाडीच्या चार्जरवर असताना ऑक्स (फोन ते स्टिरिओ वायर) लावलं तरी असा आवाज येतो, तेव्हा ब्लूटूथवर या. एफएम खरखरतंय तर निळी वायर अँटेनाला गेली का ते तपासा, काही गाड्यांच्या अँटेनात छोटा अँप असतो, त्याला करंट नसेल तर पुण्यात बसून १०१ वरची विविध भारतीसुद्धा नीट लागत नाही.

सेटिंगमध्ये बेस पूर्ण वर आणि लाउडनेस ऑन हे दोन्ही एकदम करू नका, आवाज वाढवला की फाटतो. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरचा तोल) थोडा पुढे ठेवा. एचपीएफ (खालचा बेस अडवणारा फिल्टर) असेल तर ८० हर्ट्झला लावा, छोट्या स्पीकरचा जीव वाचतो.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्येच फॉरमॅट करा, बरेचसे स्वस्त डेक बाकीचं वाचतच नाहीत, आणि आकाराने बुटका घ्या म्हणजे गुडघा लागून सॉकेट तुटत नाही. तो भरून गाडीतच ठेवा, ताम्हिणी घाटात रेंज गेली की ऑनलाइन गाणी बंद पडतात.