प्रीॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर निवडताना या चुका टाळा

परभणीत एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग चाललं होतं. पखवाजाच्या धुमेला ताजी कणीक लावलेली, थाप पडली की खोली घुमायची. हेडफोनमध्ये मात्र पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आवाज. माईक बदलला, केबल बदलली, काही फरक नाही. दोष निघाला मी स्वतः बनवलेल्या प्रीॲम्पमध्ये, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटमध्ये; त्यातही तो सिग्नल बाहेर पाठवणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये.

सर्किट नीव्ह या ब्रिटिश कंपनीच्या १९७० च्या १०७३ या प्रीॲम्पच्या धर्तीचं होतं. त्याचा शेवटचा टप्पा सिंगल-एंडेड क्लास ए, म्हणजे प्रायमरीतून (ट्रान्सफॉर्मरच्या आत येणाऱ्या बाजूच्या वेढ्यांतून) सतत डीसी वाहतो. अशा ठिकाणी लोखंडी गाभ्यात गॅप, म्हणजे बारीक फट, लागतेच; नाहीतर डीसीच्या चुंबकत्वानेच गाभा निम्मा भरतो आणि खर्ज आला की सॅच्युरेट होतो, म्हणजे पुरता भरून आवाज फाटतो. मी ट्रान्सफॉर्मर मोटार वाइंडिंगच्या दुकानातून भरून घेतला होता. वेढे बरोबर होते, पण गाभ्याचे ‘ई’ (E) आकाराचे पत्रे एक इकडून, एक तिकडून असे एकमेकांत गुंतवलेले. मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरला भरतात तसे. परत नेला तर मिस्त्री म्हणाले, “भाऊ, चोकसारखा भरायचा हे आधी सांगायचं ना!” सगळे ‘ई’ एका बाजूने, सगळे ‘आय’ (I) दुसऱ्या बाजूने आणि मध्ये कागदाची पट्टी. ट्यूबलाइटच्या चोकला गॅप असतो, त्यामुळे त्यांना दोन शब्दांत समजलं. मला मात्र त्यासाठी अख्खं रेकॉर्डिंग घालवावं लागलं.

उलटी चूकही होते. एपीआय या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीच्या, ऑपॲम्पवर (तयार ॲम्प्लिफायर भागावर) चालणाऱ्या सर्किटला गॅपवाला ट्रान्सफॉर्मर लावला तर इंडक्टन्स कमी पडून खालचा आवाज पातळ होतो. तिथे बिनगॅपचाच घ्या, पण ऑपॲम्पचा डीसी ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुटवर उरणारं डीसी व्होल्टेज, मोजा. २० मिलिव्होल्ट ऑफसेट आणि वाइंडिंगचा रोध १० ओहम असेल, तर २ मिलिअँपिअर डीसी गाभ्यात गेलाच. शंका असेल तर डीसी अडवायला मध्ये कपॅसिटर घाला.

मी फसलो तो १ किलोहर्ट्झच्या टेस्टमुळे. तिथे सगळं स्वच्छ दिसतं. व्होल्टेज तेवढंच ठेवून फ्रिक्वेन्सी अर्धी केली की गाभ्यातला फ्लक्स दुप्पट होतो, म्हणून खरी परीक्षा ४० हर्ट्झला, पूर्ण लेव्हलवर घ्या.

वेढ्यांच्या रेशोचा मोहही आवरा. १:२ ने ६ डीबी फुकट मिळाल्यासारखे वाटतात, पण पुढचा ६०० ओहमचा लोड सर्किटला १५० ओहम दिसतो. ५५३२ सारखी ऑपॲम्प आयसी ६०० ओहम चालवते, १५० ला तिचा दम निघतो.

टाळ कानाला टोचत असतील तर आधी लोड बघा. जुने ट्रान्सफॉर्मर ६०० ओहमसाठी बनलेले, आजच्या ऑडिओ इंटरफेसचा (कॉम्प्युटरला आवाज देणाऱ्या यंत्राचा) इनपुट १० किलोओहम किंवा त्याहून जास्त. सेकंडरीवर (बाहेर जाणाऱ्या बाजूच्या वेढ्यांवर) ६०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर टाकून ऐका.

आणि चेसिसला भोक पाडायची घाई नको. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तारा जोडलेल्याच, पण लांब आणि सैल ठेवा, हेडफोन लावा आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरशेजारी तो हाताने हळूहळू फिरवा. ज्या कोनात ५० हर्ट्झचा गुणगुणाट सर्वांत कमी होतो, तिथे पेन्सिलने खूण करा. ड्रिल मग.