चटईवरून उठून थेट कागदाकडे

अरविंद घोष बडोद्यात होते तेव्हा, १९०४च्या सुमारास, त्यांनी प्राणायाम सुरू केला. आधी महिन्याला दोनशेक ओळी होणारी कविता नंतर तेवढीच अर्ध्या तासात उतरू लागली, असं त्यांनीच पुढे सांगितलंय. हे वाचून लगेच नाक दाबून बसू नका. ते दिवसाला पाच-सहा तास प्राणायाम करत, आणि पुढे त्यात खंड पडू लागला तेव्हा चांगलेच आजारी पडले. आपल्याला तीस मिनिटं पुरतात. ती रोज हवीत, आणि त्यांना लागूनच लिहिण्याचं, चित्राचं किंवा गाण्याचं काम हवं.

मे महिन्यात बडोद्याची गच्ची सातलाच तापते, म्हणून सहाच्या आत, रिकाम्या पोटी बसा. कमाटीबागेत आसनं होतील, प्राणायाम होणार नाही. दर दोन मिनिटांनी कुणीतरी 'काय म्हणता?' करत थांबतं.

पहिली पंधरा मिनिटं आसनांना. चित्रकार आणि लॅपटॉपवर लिहिणारे दिवसभर पुढे वाकलेले, म्हणून पाठ उलटी वळवायची. मार्जारासन आठ वेळा: श्वास घेताना कंबर खाली, सोडताना पाठ वर. मनगट दुखत असेल तर तळव्यांऐवजी कोपरांवर टेका. भुजंगासन, म्हणजे पालथं झोपून छाती वर उचलणं, तीनदा, प्रत्येकी पाच श्वास. खांदे कानांपाशी गेले तर तुम्ही पाठीऐवजी हातांच्या जोरावर उठताय. कोपरं वाकवा, थोडं खाली या. शेवटी वक्रासन, म्हणजे बसून कमरेतून मागे वळणं, दोन्ही बाजूंना.

खरी गडबड बैठकीत होते. सुखासनात गुडघे कमरेच्या वर राहिले की पाठ गोल होते, पोट दबतं आणि श्वास छातीतच घुटमळतो. सोलापुरी चादरीची घट्ट घडी घ्या, चार बोटं जाड, आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा. गुडघे खाली येईनात तर आणखी एक घडी. पोटावर तळवा ठेवून पाहा: श्वास घेताना तो पुढे सरकला तर बैठक जमली.

आता अनुलोम-विलोम, बारा आवर्तनं. डाव्या नाकपुडीने चार मोजत घ्या, उजवीने आठ मोजत सोडा. मग उजवीने घेऊन डावीने सोडा. नाकपुडी बंद करताना अंगठा नाकाच्या हाडाखालच्या मऊ भागावर, हलका. पुढचा श्वास धापेसारखा आला तर प्रमाण झेपत नाहीये, तीन-सहावर या. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, शिक्षकाशिवाय करू नका. सर्दी असेल त्या दिवशी नुसती भ्रामरी, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, सात वेळा. गाणाऱ्यांनी ती आपल्या सहज सुरात करावी, ओढून खर्जात नको.

शवासन पाचच मिनिटं, गजर लावून. रोज झोप लागत असेल तर रात्रीची झोप कमी पडतेय.

उठल्यावर मोबाइल नाही, चहाही नाही. कागद-पेन्सिल आदल्या रात्रीच चटईशेजारी ठेवा आणि कालचं एक वाक्य मुद्दाम अर्धं सोडा, म्हणजे सुरुवात शोधावी लागत नाही. पहिली दहा मिनिटं काही खोडायचं नाही. मन निवांत असताना चुकीची रेघही उपयोगी पडते, आणि खोडरबर हातात आला की आतला परीक्षक जागा होतो. गायकांनी तेवढा वेळ नुसता षड्ज, म्हणजे 'सा', लावावा.

नवरात्रात गरब्याहून रात्री दोनला परतलात तर सकाळी आसनं सोडा. सहा आवर्तनं अनुलोम-विलोम आणि कागदाची दहा मिनिटं, एवढंच करा आणि पुन्हा झोपा.