शहरातल्या शहरात नेटवर्क कसं चालतंय, ते कसं मोजावं

नवी पेठेत दुकान, अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखाना आणि चिंचोळी एमआयडीसीत गोदाम, असा पसारा असलेले चादरी-टॉवेलवाले सोलापुरात कमी नाहीत. तिन्ही जागा फायबरने जोडलेल्या असतात, बिलं आणि स्टॉक एकाच सर्व्हरवर चालतात. बिल अडकलं की कुणीतरी मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतं, आकडा चांगला येतो आणि ‘नेट तर चालू आहे’ म्हणून विषय मिटतो. पण स्पीड टेस्ट तुमच्यापासून बाहेरच्या कुठल्यातरी सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोजते. तुमचं बिल जातं नवी पेठेतून अक्कलकोट रोडला. मोजायचा तो रस्ता.

शहरभर पसरलेल्या अशा जाळ्याला मेट्रोपॉलिटन एरिया नेटवर्क म्हणतात. मोठ्या कंपन्या ते तपासायला महागडी यंत्रं आणतात. आपलं काम दोन साध्या कॉम्प्युटरवर आणि फुकट मिळणाऱ्या साधनांवर भागतं.

आधी कागदावर रस्ता काढा. बिलिंगचा कॉम्प्युटर, त्याचा स्विच (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारं यंत्र), राउटर, फायबरची डबी, पलीकडची डबी, तिथला स्विच, सर्व्हर. प्रत्येकाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, शेजारी लिहा. हा कागद पुढे फार कामाला येतो. आणि मोजणी करताना कॉम्प्युटर वायरनेच जोडा. वायफायवर मोजलं तर दुकानातल्या भिंती आणि शेजाऱ्याचे राउटर मोजले जातात, फायबर नाही.

आता पिंग, म्हणजे पलीकडच्या यंत्राला छोटासा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघणं. दुकानातून कारखान्याच्या सर्व्हरला सेकंदाला एक असे हजार पिंग पाठवा; सतरा मिनिटांत होतात. शेवटी येणारी सरासरी बघून थांबू नका, सरासरी फसवते. समजा ९८० पिंग ४ मिलिसेकंदांत परत आले आणि २० पिंगना ५०० लागले. सरासरी येते जेमतेम १४. कागदावर लाइन उत्तम, पण काउंटरवरचा माणूस त्या वीस वेळा अडकलेला असतो. म्हणून सगळे आकडे एक्सेलमध्ये चढत्या क्रमाने लावा आणि ९९०वा आकडा बघा. तो ५०० निघाला तर दुखणं सापडलं. हरवलेले पिंग वेगळे मोजा. आकडे किती खालीवर होतात, म्हणजे जिटर, तेही बघा. फोनवरचा आवाज तुटतो तो बहुधा त्यामुळे.

पिंगचा वेळ आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. नवी पेठ ते चिंचोळी फायबर फिरून २५ किलोमीटर धरलं, तरी जाऊन-येऊन पाव मिलिसेकंद. वाटेतल्या स्विच-राउटरचा वेळ धरूनही तीन-चार मिलिसेकंदांत उत्तर यायला हवं. निवांत वेळेलाही कायम १५ येत असतील, तर तुमचा डेटा चिंचोळीला जाताना बहुधा पुण्या-मुंबईला जाऊन परत येतोय. ट्रेसरूट ही कमांड चालवा, वाटेतले थांबे, म्हणजे डेटा ज्या राउटरमधून जातो ते, दिसतील. काही लाइनींवर थांबे झाकलेले असतात, पण वेळ लपत नाही. शहराच्या आतूनच जोडणी देता येते का, हे कंपनीला सरळ विचारा.

वेग मोजायला दोन्ही टोकांच्या कॉम्प्युटरवर आयपर्फ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाका. एका टोकाला सर्व्हर म्हणून चालवा, दुसऱ्या टोकाकडून तीस सेकंद डेटा ढकला, मग दिशा उलटी करा. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ९४-९५ आले तर लाइन पूर्ण आहे; डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जातो, बाकीचं त्या पॅकेटच्या वेष्टनात जातं. एका धाग्यावर, म्हणजे एकाच जोडणीवर, ३० आणि एकदम चालवलेल्या चार धाग्यांवर मिळून ९४ मिळाले, तर लाइनची क्षमता आहे, एकेका जोडणीचं काहीतरी अडतंय. गळती (वाटेत हरवणारी पॅकेट) किंवा कॉम्प्युटरची सेटिंग तपासा. चाचणी चालू असताना लाइन भरून जाते, तेव्हा दुकानात आधी सांगून ठेवा.

हे सगळं एकदा करून उपयोग नाही. किमान आठवडाभर, दिवसातून चार वेळा करा: सकाळी दुकान उघडताना, भर दुपारी, संध्याकाळच्या गर्दीत आणि रात्री. लाइन जसजशी भरते तसा उशीर वाढतो, आणि तो सरळ रेषेत वाढत नाही. रांगेच्या साध्या गणिताने लाइन निम्मी भरली की लागणारा वेळ रिकाम्या लाइनच्या दुप्पट, ८० टक्के भरली की पाचपट, ९० टक्क्यांना दहापट. म्हणून सकाळी दहाचा आकडा संध्याकाळी सातबद्दल काही सांगत नाही. गड्ड्याच्या यात्रेचे जानेवारीतले दिवस आणि दिवाळीची खरेदी यांची नोंद तर वेगळीच ठेवा.

दुपारची वेळ का, ते सांगतो. एका मे महिन्यात आमच्या गोदामाच्या लाइनवर रोज दीड ते साडेचारपर्यंत शंभरातली सात-आठ पॅकेट गळायची. सकाळी नऊला एकही नाही. फायबरवाल्यांना दोनदा फोन झाले, दोन्ही वेळा माणूस सकाळी आला आणि लाइन ठीक आहे सांगून गेला. शेवटी भर दुपारी तो कागद घेऊन बसलो आणि एकेका टप्प्याला पिंग लावला. गोदामातल्या कॉम्प्युटरपासून गोदामातल्याच स्विचपर्यंत गळती होती. फायबर तर अजून सुरूही झालं नव्हतं. स्विच पत्र्याखाली, लोखंडी पेटीत बंद. वर हात ठेवला तर चटका बसला. खाली ऑफिसात आणला, गळती त्याच दिवशी थांबली.

लाइन किती वेळ चालू असते हेही लिहून ठेवा. करारात ९९.५ टक्के लिहिलं असेल तर वर्षाला जवळपास ४४ तास बंद राहायची मुभा दिलेली असते, ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास. आपल्याकडची वीज गेल्यामुळे बंद पडलेली लाइन त्यात धरू नका, तक्रारीत लगेच उघडं पडतं.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ असं लिहू नका. तारीख, वेळ, कुठून कुठे मोजलं, वायरने मोजलं का, किती पिंगपैकी किती हरवले, ९९०वा आकडा किती, आयपर्फ दोन्ही दिशांना किती, आणि कोणत्या टप्प्यानंतर बिघाड सुरू होतो, एवढं द्या. दुरुस्ती झाली की त्याच कॉम्प्युटरवरून, त्याच वेळेला, तेच हजार पिंग पुन्हा पाठवा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच तक्रार बंद करायला होकार द्या.